अठरा घरांची संख्या

बिभीषणमामांनी शिडीवरून माळेचा एक पदर खाली सोडला आणि पूनमने तो दोन्ही हातांत झेलला. भोकं पाडलेले पुठ्ठ्याचे पत्ते, दोऱ्याने एकमेकांना ओवलेले, घडीघडीने तिच्या मनगटांवर येऊन पडले. मामांनी वरचा पदर मागाच्या डोक्यावरच्या जकार्डच्या चौकटीवर चढवला, फुंकर मारून धूळ उडवली आणि खाली वाकून विचारलं,

"ह्यातला पहिला पत्ता कुठला गं?"

"खूण नाही?"

"न्हाय की. तेच बघतोय कवाचा. लाल फुलीबिगर अण्णांची माळ कदी खाली आली न्हाय. आन् ही तर गोल ओवून ठेवलीया. धरायची कुठनं?"

पूनमने माळ सगळी हातांतून सरकवून पाहिली. एकशे चव्वेचाळीस पत्ते. आठ पत्ते एकसारखे, मग भोकं बदलत, पुन्हा आठ एकसारखे. फुली कुठेच नव्हती.

"मग करा सुरू कुठूनही," ती म्हणाली.

मामा शिडीवर तसेच थांबले. दोरा धरलेला त्यांचा हात हवेत राहिला.

"अण्णाबी असंच म्हणले हुते," ते हळूच म्हणाले.

तिने हातांवरचे पत्ते उगाच सरळ केले.

शेडमध्ये त्या दोघांशिवाय कोणी नव्हतं. रविवार होता. पलीकडच्या नव्या शेडमध्ये टॉवेलची यंत्रं चालू होती आणि त्यांची घरघर भिंतीतून येत होती. या शेडमधले बाकीचे माग आधीच गेले होते. जमिनीवर त्यांच्या पायांचे चौकोनी डाग राहिले होते. उरलेला हा एक उद्या, सोमवारी, भंगारवाला येऊन नेणार होता. कारखान्याच्या मालकाचा मुलगा ऋतुराज याने आठवड्यापूर्वी फोन केला होता, "ताई, माळ्यावर काकांची एक माळ सापडलीय. रद्दीत घालू की तुम्ही नेताय?" तेव्हा तिने माळ मागितली होती आणि सोबत एक चादर विणून घेण्याची परवानगीही. ऋतुराज म्हणाला होता, "तीच ना, ती शेअर बाजाराच्या आलेखासारखी? विणा की. सूत पडलंय तिथं."

गुरुशांतअण्णा, म्हणजे पूनमचे अप्पा, याच कारखान्यात एकतीस वर्षं पत्ते पाडत होते. ग्राफच्या कागदावरची मोर, वेली, कळसांची नक्षी चौकोन मोजत मोजत ते पत्त्यांवर उतरवायचे. जिथे भोक तिथे धागा उचलला जायचा, जिथे भोक नाही तिथे खाली राहायचा. सातवी शिकलेला हा माणूस दिवसभर मोजायचा आणि घरी आल्यावरही मोजायचा. रिक्षाचा नंबर दिसला की त्याचे अवयव पाडायचा. दोन महिन्यांपूर्वी, ऐन उन्हाळ्यात, दुपारी झोपेत ते गेले.

त्याआधीचे चौदा महिने ते कारखान्यात आले नव्हते. ते पूनममुळे.

मामांनी माळेचा हाताशी आलेला पत्ता चौकटीवर बसवला आणि खाली उतरले. धोट्यांत सुताच्या कांड्या भरल्या. एका धोट्यात लाल, एकात पांढरी. ताण्याचे दोन तुटके धागे त्यांनी जिभेने ओले करून जोडले. त्यांच्या डाव्या डोळ्याला मोतीबिंदू होता, म्हणून धागा ते बोटांनीच बघत.

"बघ हां, चालू करतो. ह्यो म्हातारा बी बंद पडलाय सहा महिनं. खोकंल जरा."

माग खरोखर खोकला. मग त्याला लय सापडली. वर पत्ते एकेक करून पुढे सरकू लागले आणि खाली कापड दिसू लागलं.

पूनमने उलट्या ठेवलेल्या लाकडी खोक्यावर बसून पाहिलं. कापडाच्या डाव्या काठापासून लाल रंग निघाला, थोडा पुढे गेला आणि थांबला. पुढचं सगळं पांढरं. बोटभर रुंदीचा तो पट्टा संपला. दुसऱ्या पट्ट्यात लाल आणखी आखडला. तिसऱ्यात एकदम अर्ध्याच्या पुढे धावला. मग आणखी पुढे, आणखी पुढे, मग एक पट्टा काठापासून काठापर्यंत लालच लाल. मग लाल झपकन मागे आला. लाल आणि पांढऱ्याच्या मधली कड पायऱ्यापायऱ्यांनी वेडीवाकडी चढत-उतरत राहिली. एखाद्या तुटक्या भिंतीसारखी.

सोलापुरी चादरीच्या नक्षीला जोड असतो. डावीकडे मोर तर उजवीकडे मोर. वरची वेल खालच्या वेलीला उत्तर देते. इथे कशाचं उत्तर कशाला नव्हतं.

"ह्येच," मामा मागाच्या आवाजावरून ओरडले. "ह्येच कागदावर बघून म्या घाबरलो तवा."

तिने मान हलवली.

सोळा महिन्यांपूर्वी एका दुपारी मामा तिच्या कॉलेजच्या ग्रंथालयात आले होते. चपला दाराबाहेर काढून, टोपी हातात धरून ते देवघेवीच्या टेबलाशी उभे राहिले. ते कुंभारी गावाहून मागावर कामाला येत, अप्पांबरोबर बावीस वर्षं डबा खात. पण ग्रंथालयात पहिल्यांदाच आले होते. बाहेरच्या कट्ट्यावर बसून त्यांनी तिला तीन गोष्टी सांगितल्या. अण्णा एक माळ पाडतायत, तिच्या नक्षीला काही शेंडाबुडखा नाही. कुठून सुरू करू विचारलं तर म्हणतात, कुठूनही कर. मोर मध्येच धरला तर चादरीच्या काठाला त्याची नुसती शेपटी येते, हे कालच्या पोरालाही कळतं. आणि अण्णा म्हणतात कुठूनही कर! तिसरी गोष्ट सांगताना त्यांनी आवाज आणखी खाली आणला. सुलटी बाजू कुठली असं विचारलं, तर अण्णा हसले. म्हणाले, ह्याला उलटीच नाही.

"पोरी, अण्णांच्या डोक्यातलं कायतरी हललंय," असं म्हणून मामा टोपी घालून निघून गेले होते.

तिला ते खरं वाटण्यासारखंच होतं. त्याच महिन्यात अप्पा डबा घेऊन बंद पडलेल्या गिरणीच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले होते. भोंगा अजून झाला नाही म्हणत होते. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो बघून 'सुरुवात आहे' असं सांगितलं होतं. पत्ते पाडायच्या मशीनला पायाने दाबायची पट्टी होती आणि धारदार खिळे होते. पूनमने ऋतुराजला भेटून अप्पांच्या खोलीला कुलूप घालायला सांगितलं. आणि अप्पांना सांगितलं, मशीन दुरुस्तीला इचलकरंजीला गेलीय.

दर सोमवारी सकाळी आंघोळ करून, पांढरा सदरा घालून ते विचारत, "बंतेनु मशीन?" आली का मशीन?

"पार्ट मिळत नाहीये, अप्पा."

ते सदरा काढून खुंटीला अडकवत. नंतर नंतर विचारेनासे झाले. नंतर बोलेनासेच झाले.

आता तिला एवढंच बघायचं होतं, की त्या पत्त्यांत काही होतं की नाही. नसेल, तर तिने केलं ते योग्य होतं. ते मनाशी धरून तिला उरलेले दिवस काढता आले असते. असेल तर काय, याचा विचार ती इथे येताना रिक्षात करत होती आणि अशोक चौकाच्या सिग्नलला तिने तो सोडून दिला होता.

अर्धी चादर झाली तेव्हा मामांनी माग थांबवला. एकदम इतकं शांत झालं की भिंतीपलीकडचे टॉवेल पुन्हा ऐकू येऊ लागले.

"जेवून घेतो. ये की. शेंगाचटणी हाय, कडक भाकरी हाय."

"तुम्ही जेवा, मामा. मी खाऊन आलेय."

"खाऊन आली म्हनं. एकटं मानूस काय रांधतंय अन् काय खातंय, कळत न्हाय व्हय मला?"

ते हसले. तीही हसली. मामा डबा घेऊन बाहेर लिंबाच्या सावलीला गेले.

पूनम उठली आणि मागापाशी गेली. कापड पुढच्या दांडीवरून खाली उतरून गुंडाळीत जात होतं. तिने दांडीवरचा एक पट्टा बोटाने चाचपला. लाल सूत जाड होतं, थोडं खरबरीत. लाल कुठे संपतो ते बघायला तिने डाव्या काठावर अंगठा टेकवून वीत टाकली. मग दुसरी. पाचव्या वितीला लाल संपला, नेमका. तिला वाटलं, असेल. तिने खालच्या पट्ट्यावर वीत टाकली. एक वीत. नेमकी. त्याच्या खालच्यावर तीन.

मग ती गुंडाळी थोडी उलटी फिरवून, सुरुवातीपासून, ओळीने मोजू लागली.

"ओंदु, एरडु, मूरु."

स्वतःचा आवाज ऐकून ती थबकली. घरात कानडी बोलायची ती अप्पांशीच. आई गेल्यावर दोघंच उरले होते आणि आता दोन महिन्यांत तिच्या तोंडून कानडीचा एक शब्द निघाला नव्हता. ग्रंथालयात मराठी, भाजीवालीशी मराठी, समोरच्या शरणम्मा रायचूरला मुलाकडे राहायला गेलेल्या. भाषा घरात पडून होती. तिने आजूबाजूला पाहिलं, आणि पुन्हा मोठ्याने मोजू लागली.

तीन. एक. पाच. सात. आठ. नऊ म्हणजे पूर्ण पन्हा. चादर नऊ वितींची होती. मग चार, सात, तीन, सहा, आठ, चार, दोन, एक. एक पट्टा कोरा, नुसता पांढरा. मग पाच, दोन, सहा.

आणि पुन्हा तीन, एक, पाच.

पर्समध्ये ग्रंथालयाच्या जुन्या पावत्यांचा गठ्ठा असायचा, याद्या करायला. तिने एका पावतीच्या पाठीवर आकडे लिहिले. अठरा आकडे झाले की तेच पुन्हा. तिने दोनदा मोजलं. वेडंवाकडं होतं, पण दर वेळी त्याच जागी त्याच तऱ्हेने वेडंवाकडं होतं. तेवढ्याने काही सिद्ध होत नव्हतं. माळ गोल असली की तेच पत्ते पुन्हा येणारच.

तिने ओळ परत वाचली. मध्ये एका ठिकाणी तिचा डोळा अडला. आठ, चार, दोन, एक. उलट वाचलं तर एक, दोन, चार, आठ. दुप्पट, दुप्पट, दुप्पट. त्याच्या अलीकडे सहा. सोळातले सहा. आणि हातचा एक.

पूनमने पावती खोक्यावर ठेवली आणि तीही खाली, तेलाच्या डागांत, मांडी घालून बसली.

शाळेत असताना अप्पांनी तिला एक कोडं घातलं होतं. एक संख्या आहे. तिचा शेवटचा आकडा उचलायचा आणि सगळ्यांच्या पुढे नेऊन ठेवायचा. बाकी काही हलवायचं नाही. संख्या बरोब्बर दुप्पट होते. सांग कुठली. तिने दोन अंकी संख्या करून पाहिल्या, तीन अंकी, चार अंकी. अप्पा मान हलवत. "दोड्डदु," म्हणत. मोठी आहे. किती मोठी विचारलं तर म्हणत, एकं दहं शतंची घरं शेवटपर्यंत म्हणून बघ. जुन्या अंकगणितात अशी अठरा घरं होती आणि अप्पांनी तिला ती सगळी पाठ करून घेतली होती: कोटी, दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. परार्धाच्या पुढे नावच नाही. तिला ती नावं आवडायची आणि कोड्याचा कंटाळा यायचा. पुढे ती पुस्तकांत शिरली. "सांगून टाका ना, अप्पा," असं एकदा दारातून बाहेर पडता पडता म्हणाली होती. "सांगितलं तर तुझं काय राहील?" ते म्हणाले होते. त्यानंतर तिने विचारलं नाही.

तिने पावतीवर नवीन ओळ धरली. आकडे एकेक घर सरकून संख्या दुप्पट होत असेल, तर प्रत्येक आकडा त्याच्या उजवीकडच्याची दुप्पट हवा, हातच्यासकट. उजव्या टोकाला दोन लिहिले. दोनची दुप्पट चार, ते डावीकडे. चारची आठ. आठची सोळा, सहा लिहिले, हातचा एक. सहाची बारा आणि एक तेरा. तीन, हातचा एक. सात. चौदा; चार, हातचा एक. नऊ. पेन थांबत नव्हतं. आठ, सात, पाच, एक, तीन, सहा, दोन, पाच, शून्य, एक. पुढे एकची दुप्पट दोन, आणि दोन तर पहिलाच आकडा होता. वर्तुळ पुरं झालं.

१०५२६३१५७८९४७३६८४२.

तिने घरं म्हटली. एकं, दहं, शतं. सगळ्यात डावीकडचा एक परार्धाच्या घरात जाऊन बसला.

शेवटचे दोन उचलून पुढे ठेवले. २१०५२६३१५७८९४७३६८४. दुप्पट. त्यातले चार पुढे आणले, की चौपट. आठ आणले, की आठपट. तिने हे प्रत्येक गुणून पाहिलं, विश्वास असूनही. मग मघाशी कापडावरून उतरवलेली ओळ तिने त्याखाली लिहिली. मामांनी हाताला येईल तो पत्ता धरून सुरू केलं होतं, ते तीनपासून. ३१५७८९४७३६८४२१०५२६. तीन परार्ध, एक मध्य, पाच अंत्य. ती पहिल्या संख्येची बरोब्बर तिप्पट होती.

कुठूनही धरली तरी हेच अठरा आकडे, याच रांगेत, कशाच्या तरी पटीत येणार होते. त्या माळेला पहिला पत्ताच नव्हता. फुली कुठे मारायची?

बाहेर मामा डब्याचं झाकण घासत होते, त्याचा आवाज येत होता. मग ती गुडघ्यांवर सरकत मागाच्या खाली गेली, जिथे कापड गुंडाळीकडे उतरताना त्याची पाठ दिसते. सोलापुरी चादरीत वर लाल असतो तिथे खाली पांढरा असतो आणि वर पांढरा तिथे खाली लाल. तिने पाठीकडूनही डाव्या काठाला अंगठा टेकवला. वरून तीन वितींचा लाल होता त्या पट्ट्यात, पाठीवर सहा वितींचा लाल. एकच्या जागी आठ. पाचच्या जागी चार. कोऱ्या पट्ट्याच्या जागी भरगच्च नऊ. सगळं नवातून वजा होऊन आलं होतं. तिने ती ओळही लिहिली.

सहा, आठ, चार, दोन, एक, शून्य, पाच, दोन, सहा.

तिने वरच्या ओळीशी ताडून पाहिलं. तीच माळ होती. फक्त नऊ घरं पुढून सुरू झालेली.

ह्याला उलटीच नाही, असं ते हसून म्हणाले होते.

"तितं खाली काय करतीस? साडी भरंल तेलानं." मामा टॉवेलने हात पुसत आत आले. "काय तुटलं का?"

"नाही. पाठ बघत होते."

मामा वाकले, कापडाखालून एकदा तळहात फिरवला. दोरा कुठे सुटला नाही ना, एवढंच त्या हाताला हवं होतं. "बरी हाय. गाठ न्हाय कुठं. सरक, उरलेली उरकतो."

माग पुन्हा सुरू झाला. पूनम खोक्यावर बसली. आता ती पट्ट्यांची नावं आधीच घेऊ शकत होती. सात येणार, मग आठ, मग नऊ. लाल तेवढाच धावत होता आणि तिथेच थांबत होता. तिच्या हातातली पावती घामाने मऊ झाली होती. ती डोळे पुसत नव्हती, आणि मामांचा चांगला डोळा मागाकडे होता.

चादर पुरी झाल्यावर मामांनी कात्रीने कापड सोडवलं, दोन्ही टोकांचे धागे वळून गाठी मारल्या, आणि दोघांनी चार कोपरे धरून ती झटकली. उन्हाच्या तिरिपीत सुताची धूळ उडाली. मामांनी चादर खोक्यावर पसरली आणि स्वतः पायरीवर टेकले. बराच वेळ त्यांनी तंबाखूची डबी नुसतीच हातात फिरवली.

"पूनम."

"हं."

"तुज्याकडं आलतो न्हवं म्या, तितं, पुस्तकाच्या तितं. तवा एक सांगितलं न्हवतं. वंगाळ वाटलं म्हणून."

तिने खोक्यावरच्या चादरीचा कोपरा सरळ केला.

"अण्णांना म्या इचारलं, ऑर्डर कुणाची ही? तर म्हणले, आमच्या पूनमची. आठवीत हाय, म्हणले. लई दिस झालं अडकलीया, आता देऊन टाकतो." मामांनी डबी बंद केली. "सत्तेचाळीसची तू. आठवीत म्हनं. मग म्या म्हटलं, आता ह्यांना मशीनवर बसवायचं न्हाय. एखादं बोट गेलं तर म्या तुला काय त्वांड दाखवणार हुतो?"

पूनमचा हात चादरीवर होता. तिने तो उचलला नाही.

"पर अण्णा गेल्यापासनं डोक्यात तेच घोळतंय. घरात बसवलं आन् त्यांचं बोलणंच खुंटलं. सोमवारी भेटाया आलो की मशीनचंच इचारायचे. म्या आपलं हू हू करायचो." त्यांनी मान वर केली. एक डोळा दुधी, एक लालसर. "तू शिकलेली हायस. एवढी पुस्तकं वाचतीस. दुपारपासनं बघतोय, मापं काय घेतीस, लिवतीस काय. खरं सांग. ह्यात कायतरी हाय का गं?"

पलीकडच्या शेडमध्ये कुठलं तरी यंत्र थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

पूनमने मुठीतली पावती आणखी आत दाबली. अप्पांनी कधी, कुठल्या सकाळी हे अठरा आकडे मांडले असतील? गिरणीच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले त्याच्या आदल्या दिवशी की दुसऱ्या? पत्ते आठ-आठ मोजताना एकदाही चुकले नाहीत. आणि ती आठवीत आहे असं त्यांना वाटत होतं. दोन्ही एकाच डोक्यात. समोर बसलेल्या माणसाचे हात गुडघ्यांवर होते, अर्धवट उघडे, काहीतरी घ्यायला पुढे केल्यासारखे. अप्पांबरोबर बावीस वर्षं डबा खाल्लेला याच्याशिवाय दुसरा कोणी उरला नव्हता.

"काही नाही, मामा," ती म्हणाली. "मीही मोजून बघितलं. काही लागत नाही."

मामांनी श्वास सोडला. तो बराच वेळ सुटत राहिला.

"मग तवा सांगितलं ते..."

"बरं केलंत. तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलंच नसतं."

"व्हय ना? म्याबी तेच म्हणतो." ते उठले, गुडघा धरून जरा थांबले, आणि त्यांच्या आवाजात मघाचा मोकळेपणा परत आला. "चहा पाज आता. फुकट माग चालवला व्हय तुज्या बापाच्या चादरीसाठी? सुतळी आणतो, थांब."

ते सुतळी शोधायला कोपऱ्यात गेले तेवढ्यात तिने चादर घडी केली. पहिल्या घडीत पावती सरकवली, वरून दुसरी घडी घातली, मग तिसरी. मामांनी गठ्ठ्याभोवती सुतळीचे दोन फेरे घेतले, गुडघा टेकून ती आवळली आणि गाठ मारली. मग गाठ घट्ट बसली का, ते दोनदा ओढून पाहिलं.